बारशाआधीच्या नोंदी

गजेंद्र खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पुढं मी जे सांगीन त्यानं तुमाले तसं वाटू शकते. तुमाले वाटलं तर वाटो, पण मले ऐकवू नका.

मी चंदा. अमरावतीच्या एका खाजगी कंपनीत मी टाईप करत होती. आता एका कचेरीच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर बसते, तेही ठेक्यावरच. गजेंद्र त्या कंपनीत प्रोग्रॅमर होता. त्याले पुण्याले चांगली नोकरी लागली होती. मंग बाप लकव्यानं पडला अन् हा वापस आला. बडनेऱ्याले दोन खोल्या, त्यात मायबाप, अन् त्याच्यापरस बारा वर्षांनी लहान बहीण, करिश्मा. पोट्टी हुशार होती. दुपारी डबा खाता खाता त्याचं एकच चाले, करिश्माचा गणिताचा पेपर, करिश्माचं विज्ञान, करिश्माले जनावराची डॉक्टर व्हायचं आहे. मी म्हटलं, "गजेंद्रभाऊ, लग्न करून घ्या, नाहीतर बहिणीच्याच वरातीत म्हातारे दिसान." तो हसला नाही. म्हणे, "ताई, तिचं एकदा होऊन जाऊ द्या."

आमचं काम होतं कोतवाल बुकाचं. ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. इंग्रजाच्या काळात गावात कोणाच्या घरी जन्म झाला, कोण मेलं, हे गावचा कोतवाल ठाण्यात जाऊन सांगे अन् ते पुस्तकात चढे. तारीख, गाव, बापाचं नाव, जात, मुलगा का मुलगी. बस, एवढंच. आता तुमच्या पोराले राखीव जागेवर शिकायचं असलं तर जात पडताळणी लागते, अन् घरातला आजा शाळेत गेलेलाच नसन, तर पुरावा म्हणून त्या पुस्तकातली ती एक ओळच उरते. दुसरं काही चालत नाही असं नाही, पण चालता चालता चपला झिजतात.

पुस्तकं ऐंशी-नव्वद वर्षांची. पानं पापडासारखी झालेली. उलटलं की मोडे. म्हणून ठरलं असं, की पान एकदाच उलटायचं, फोटो काढायचा, अन् प्रत्येक ओळ टाईप करून त्या ओळीचा फोटो तिलेच चिकटवायचा. दुसऱ्यांदा उलटाले पान राहतच नसे, खाली टेबलावर भुसा पडे. तो भुसा आमी ओल्या फडक्यानं पुसला, रोज. आपण काय पुसून राहिलो हे तेव्हा मनात आलं नाही.

टाईपाले आमी दोघी, मी अन् रुख्मिणी. गावं वाटून घेतली होती. दिवसभराचं काम एका डिस्कवर जमा होये अन् पाच वाजता ते मोठ्या कॉम्प्युटरात चढवायचं. चढताना पडद्यावर एक हिरवी पट्टी सरके, दहा टक्के, वीस टक्के. ती पट्टी गजेंद्रनं लिहिलेली. शंभर झालं की आमाले पर्स उचलाले मोकळीक. त्यामुळं त्या पट्टीवर आमचा जीव होता.

पहिल्यांदा त्यानं ती पट्टी फार इमानदार लिहिली होती. नोंद वाचायची, तपासायची, जागेवर नीट बसली का ते पाहायचं, अन् मंगच पट्टी पुढं सरकवायची. नोंदीत खोट दिसली की पट्टी थांबे अन् लाल चौकोन येई, "या नोंदीत नाव नाही. काय करायचं?"

अन् नाव तर कोणाचंच नव्हतं. जन्माच्या शंभर नोंदी असल्या तर त्यातल्या सत्तर बिननावाच्या. गजेंद्रले वाटलं पानं फाटली आहेत, नाहीतर आमीच आळस करून राहिलो. मीच त्याले समजावलं. "अजी भाऊ, कोतवाल आठवड्याच्या आठवड्याले सांगाले जाये. पोराचं बारसं व्हायचंच असे. कोणाचं बाराव्या दिवशी, कोणाचं सव्वा महिन्यानं. कित्येकांनी तर पोर जगते का नाही ते पाहूनच नाव ठेवलं. कोतवाल का नाव मनानं सांगन? त्यानं सांगतलं, अमक्याले मुलगा झाला. तेवढंच लिहिलं."

तो माह्या तोंडाकडं पाहत राह्यला. चांगला शिकलेला माणूस, पण हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणे, "म्हणजे पोरगं आहे, बाप आहे, जात आहे, फक्त नाव नाही. अन् मी त्याले खोट म्हणून राहिलो."

"मंग नियम काढून टाका."

"नोंदीचा नमुना वरून मंजूर झालेला आहे, ताई. त्यात नाव आवश्यक लिहिलं आहे. सरांले विचारतो."

सर म्हणजे अंकुर सर, आमचे मालक. वय तीस-बत्तीस, बुटाले कधी धूळ नाही. सरांनी नमुना परत मंजुरीले पाठवाले साफ नकार दिला. म्हणे चार महिने जातील. तेवढ्यात अधिकाऱ्यांले काम दाखवायचा दिवस आला. पाच-सहा जण खुर्च्या टाकून बसले, चहा आला, गजेंद्रनं पट्टी सुरू केली. सदतीस टक्क्यावर थांबली. लाल चौकोन. त्यानं बटण दाबलं, पट्टी केसभर सरकली, परत लाल चौकोन. एक साहेब म्हणाले, "हे असंच चालते का?" अंकुर सरांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

ते लोक गेल्यावर सर आमच्या सगळ्यांदेखत बोलले. "गजेंद्र, मले बाकी काही माहीत नाही. पट्टी थांबली नाही पाहिजे. शंभरपर्यंत जायले पाहिजे. तुले जमत नसन तर जमणारे लय आहेत."

बाप अंथरुणावर अन् बहीण सातवीत असलेला माणूस याच्यावर काय बोलणार?

त्यानं पट्टी बदलली. आता नोंद जागेवर बसली का नाही, याचा पट्टीशी संबंध राह्यला नाही. फाईल किती मोठी आहे, त्यातलं किती वाचून झालं, तेवढंच ती मोजे. बिननावाच्या नोंदी बाजूले काढून त्याच डिस्कवर वेगळ्या फाईलमध्ये ठेवायच्या, अन् पट्टीच्या खाली बारीक अक्षरात लिहून यायचं, इतक्या वगळल्या. नमुना सुधारून आला की त्या सगळ्या एकदम भरून टाकायच्या, असा त्याचा बेत. मले सांगताना म्हणे, "ताई, तुमच्या गल्लीत नळ येते ना, तसं समजा. मी आता नळातून किती पाणी आलं ते मोजून राहिलो. टाकीत किती राह्यलं ते नाही."

"अन् टाकीले भोक असन तर?"

"म्हणून तर खाली आकडा ठेवला."

तो आकडा आठ दिवस टिकला. सरांनी पाह्यला अन् म्हणाले, हे कायले लोकांले दाखवायचं, आतून ठेव. काढला. मंग काय, पट्टी अशी सरके की पाहत राहावं. पाच वाजून दहा मिनिटांनी शंभर. आमी खूश. रुख्मिणी म्हणे, आता खरं सॉफ्टवेअर झालं.

आता रुख्मिणीचं सांगते. नावाचा रकाना रिकामा सोडला की टाईप करताना तिथं लाल ठिपका ये. तिले त्या ठिपक्याचा राग. ती सरळ त्या रकान्यात "बाळ" लिहून मोकळी होये. मुलगा असो का मुलगी, बाळ. हजारो बाळं. मले पटलं नाही. मी गजेंद्रले विचाराले गेली, "ठिपका येते, काय करू? ती तर काहीही टाकून राहिली." तो म्हणाला, "ताई, तुमी जे कागदावर आहे तेच टाका. आपल्या मनचं एक अक्षर टाकू नका. रिकामं आहे तर रिकामं. सरकारी पुस्तक आहे ते." मले बरं वाटलं. कोणीतरी नीट काम करणारं आहे असं वाटलं. मी दीड वर्ष रिकामं ते रिकामंच ठेवलं. रुख्मिणीले मी तोंडावर म्हटलंही, "बाई, तुह्यासारखी बेईमानी मले नाही जमत."

देव ऐकत असन तर हसला असन.

काम संपलं. शेवटच्या दिवशी सरांनी प्रमाणपत्र आणलं: सर्व नोंदी शंभर टक्के चढविल्या आहेत. खाली गजेंद्रची सही पाहिजे होती, प्रोग्रॅम त्याचा म्हणून. मी तिथंच फायली बांधत होती. त्यानं विचारलं, "सर, त्या वगळलेल्या?" सर म्हणाले, "डिस्का कपाटात आहेत ना. दुसऱ्या टप्प्यात भरू. सही कर, बिल अडकलं आहे." त्यानं पेन हातात घेऊन थोडा वेळ धरला. मंग सही केली. दुसरा टप्पा कधी आला नाही. गजेंद्रनं दोनदा विचारलं, मंग त्यानंही नोकरी बदलली. एवढाच त्याचा गुन्हा. लहान नाही, पण एवढाच.

चार वर्षं गेली. मी खिडकीवर बसू लागली. लोक येत, गाव अन् पणज्याचं नाव सांगत, मी कॉम्प्युटरात पाही, सापडलं तर नक्कल, नाहीतर कागद निघे, "नोंद आढळली नाही." हळूहळू मले एक गोष्ट दिसाले लागली. ज्यायची नोंद सापडे त्यायच्या नावाच्या रकान्यात बहुतेक बाळ लिहिलेलं असे. एक दिवस मी जेवणाच्या सुट्टीत गावांची जुनी वाटणी आठवली अन् एकेक गाव टाकून पाह्यलं. रुख्मिणीच्या गावचे जन्म सगळे होते. माह्या गावचे मरण सगळे होते, जन्म मात्र नाव असलेले तेवढेच. कारण मेलेल्याले नाव असते.

मी कोणाले सांगतलं नाही. कोणाले सांगणार होती? सहीचं प्रमाणपत्र माह्या साहेबांच्या मागच्या भिंतीवर काच लावून टांगलेलं होतं. अन् खरं सांगायचं तर मले माही खिडकी प्यारी होती. त्या दिवसापासून मी लोकांच्या तोंडाकडं पाहणं सोडलं, कागद दिला की पुढचा नंबर. असं करत माह्यातली लाज किती मेली ते मीच जाणते.

मंग एका सोमवारी खिडकीत गजेंद्र उभा. डोक्यावरचे केस विरळ झालेले, बाजूले उंच, सावळी पोरगी. म्हणाला, "चंदाताई, ओळखलं का? हे करिश्मा. अकोल्याले लागला तिचा नंबर. जनावराची डॉक्टर." पोट्टी खाली वाकून पाया पडाले लागली तर मधात खिडकीचा लोखंडी गज. जातीचा दाखला होता, पडताळणी बाकी होती. प्रवेशापासून सहा महिन्यांची मुदत, त्यातले चार गेले होते. आजा शाळेत गेला नव्हता. बापाच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या जागी नुसता धर्म लिहून ठेवलेला. जात कोणती ते मी सांगत नाही, सांगतली की तुमी गोष्ट सोडून जातच पाहान. तर आजाच्या जन्माची ओळ पाहिजे होती. गाव वलगावच्या पुढचं.

ते गाव माह्या वाटणीचं. तरी टाकलं. सन एकोणीसशे अडतीस. पणज्याचं नाव. कागद निघाला.

गजेंद्रनं तो कागद घेतला, वाचला. त्याले एक मिनिटही लागलं नाही. बाकी लोक भांडतात, नीट पाहा म्हणतात. तो नुसता म्हणाला, "बिननावाच्या." अन् करिश्माले म्हणाला, "तू बाहेर बस जरा."

त्याच दिवशी तो कंपनीत गेला. अंकुर सरांचा आता दुसरा धंदा आहे, कपाट तिथंच आहे. डिस्का सापडल्या. दोनच, अन् दोन्ही पुसलेल्या. दीड वर्षाचं काम दोन डिस्कांवर आलटूनपालटून झालेलं, कारण तिसरी सरांनी घेऊनच देल्ली नव्हती. शंभर झालं की पुसा अन् उद्यासाठी रिकामी करा, हा आमाले हुकूम. पुसणाऱ्या आमी. त्याच डिस्कवर ती वगळलेल्यांची फाईल, फोटोसकट, आहे हे आमाले कोणी सांगतलं नव्हतं, अन् आमी रोज पुसतो हे गजेंद्रले कोणी सांगतलं नव्हतं. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते. सर त्याले म्हणाले, "शंभर टक्के तुमीच लिहून देल्लं ना?" तुमी म्हणाले, बरं का. जेव्हा अंगावर आलं तेव्हा मान देल्ला.

राह्यलं मूळ पुस्तक. मी साहेबांच्या हातापाया पडून परवानगी काढली अन् दुपारी आमी दोघांनी गाठोडं सोडलं. गजेंद्र पुस्तकापुढं बसला, श्वासही जपून घेत होता. अडतीसचं पान मीच उलटलं होतं कधीतरी. आता तिथं पान नव्हतं, तुकडे होते. त्यानं चिमट्यानं एकेक तुकडा कोऱ्या कागदावर मांडला. तीन तास मांडला. एका तुकड्यावर पणज्याचं अर्धं नाव निघालं. दुसऱ्यावर "यास मुलगा". जातीचा रकाना पानाच्या कडेले असते, अन् कड आधी मोडते. ती मी फडक्यानं पुसली होती.

तरी त्यानं हार मानली नाही. शपथपत्र करून देल्लं, की माह्या प्रोग्रॅमनं इतक्या नोंदी वगळल्या, पट्टी वाचलेलं मोजत होती, ठेवलेलं नाही, मले माहीत असून मी सही केली, जी शिक्षा असन ती द्या, पण नोंद नव्हती असं म्हणू नका. सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं. पडताळणीच्या टेबलावरच्या माणसानं ते वाचलं, मंग प्रमाणपत्राची प्रत बाजूले ठेवली. म्हणे, "या दोन्ही सह्या तुमच्याच? यातली कोणती खरी? अन् अर्जदार तुमची सख्खी बहीण?" त्याचंही काय चुकलं? मीही तेच विचारलं असतं. माणूस स्वतःच्या अंगावर घेऊन खरं बोलाले गेला अन् त्यात त्याचा फायदा दिसला, की ते खरं राहत नाही.

मुदत संपली. करिश्माची जागा गेली. सामान आणाले तो एकटाच अकोल्याले गेला. आता ती बडनेऱ्याले एका औषधाच्या दुकानात काउंटरवर बसते, माणसांच्या औषधाच्या. ती भावाले चहा देते म्हणे, पण त्याच्याकडं पाहत नाही.

हे सगळं झाल्यावर, गेल्या महिन्यात गजेंद्र खिडकीवर आला. काही काम नव्हतं. गर्दी ओसरेपर्यंत बाकड्यावर बसून राह्यला. मंग उठून आला अन् गजाले हात धरून उभा राह्यला.

"ताई, एक विचारू का? आमच्या गावचं पुस्तक कोणी टाईप केलं होतं? तुमी का रुख्मिणीनं?"

त्याले रुख्मिणीच्या बाळांचं माहीत नाही. मी कधी सांगतलं नाही. त्या एका गावाची वाटणी इकडची तिकडं झाली असती तर ती पोट्टी आज अकोल्याले असती, हे या जगात एकट्या मले माहीत आहे. खोटं बोलायचं माह्या तोंडावर आलं होतं. आठवत नाही म्हणायचं. पण त्याच्या तोंडाकडं पाह्यलं अन् जमलं नाही.

"मी केलं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. जरा हलकं वाटल्यासारखं तोंड झालं त्याचं.

"मंग बरोबरच केलं असन," तो म्हणाला, अन् गेला.